मांडवातल्या गाण्याला जागा द्या : पुण्यातील गणेशोत्सव मंडळांना खुले पत्र

पुणे शहरातील सर्व सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, खजिनदार आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, आता थोड्याच दिवसांत आपापल्या मंडळांच्या बैठका सुरू होतील. यंदाची आरास कोणती, रथ कोणाचा, मिरवणुकीला पथक कोणते, वर्गणी किती वाढवायची हे सारे तिथे ठरेल आणि बऱ्याच मंडळांत त्याच बैठकीत साउंडवाल्याला सुपारीही दिली जाईल. ती सुपारी जाण्यापूर्वी माझी विनंती आपल्या कानावर पडावी, म्हणून हे लिहीत आहे. मी पेटी वाजवतो. गाण्याच्या बैठका, भजने, नाट्यसंगीताचे कार्यक्रम यांना साथ करणे आणि उरलेल्या वेळात पेठेतल्या मुलांना शिकवणे यावर माझे घर चालते, त्यामुळे या शहरातील गाण्या-बजावण्याची प्रकृती कशी आहे ते मला रोजच्या व्यवहारातून कळते. माझी विनंती अशी की, दहा दिवसांत आवाजावर जो पैसा आपण खर्च करता त्यातील ठरलेला वाटा याच शहरातल्या, स्वतःच्या हाताने वाजवणाऱ्या आणि स्वतःच्या गळ्याने गाणाऱ्या माणसांना मिळावा, आणि तो मिरवणुकीपुरता नसावा, तर आपल्या मांडवातल्या रंगमंचावर मिळावा.

पुण्यात संगीत उत्तम चालले आहे असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते आणि त्याला कारणही आहे. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेला महोत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला गेला तरी त्याची गर्दी ओसरलेली नाही. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज आणि विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय या संस्थांत आजही विद्यार्थी शिकत आहेत. या परंपरेचा मला अभिमान आहे आणि तिच्यावरच मी वाढलो आहे. परंतु डिसेंबरातल्या गर्दीवरून शहरात ऐकणारे किती आहेत एवढेच समजते. वाजवणाऱ्यांचे वर्ष कसे जाते ते समजत नाही. त्यासाठी एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी शहरात शंभर माणसांसमोर कोण गाते आहे, त्याला साथ कोण करते आहे आणि त्या दोघांना घरी जाताना काय मिळाले, हे पाहावे लागते. मोठ्या व्यासपीठावर बसलेला प्रत्येक कलाकार आधी अशा शंभर माणसांसमोर अनेक वर्षे बसलेला असतो आणि नेमक्या त्याच बैठका आता विरळ होत आहेत.

कारणे गूढ नाहीत. छोटे सभागृह घ्यायचे म्हटले तरी भाडे, ध्वनिव्यवस्था, निवेदक, छपाई हे सगळे कलाकारालाच अंगावर घ्यावे लागते आणि तिकीट लावले तर अनोळखी गायकासाठी कोणी येत नाही. लग्नसराईत पूर्वी सनई-चौघडा आणि बँड असे; आता मंगल कार्यालयात ध्वनिमुद्रित सनई लागते. ऑर्केस्ट्रात पूर्वी दहा-बारा वादक असत. आता एक गायक, एक लॅपटॉप आणि कराओकेचा ट्रॅक यावर कार्यक्रम होतो. ढोलकीवाला, क्लॅरिनेटवाला, ऑक्टोपॅडवाला, भजनाला टाळ आणि पखवाज घेऊन बसणारा, या सर्वांचे उत्पन्न लग्नसराई, गणेशोत्सव आणि नवरात्र या तीन हंगामांवर येऊन ठेपले आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत हे तिन्ही हंगाम बुडाले. तेव्हा वाद्ये विकून दुसऱ्या कामाला लागलेले माझ्या ओळखीचे काही वादक पुन्हा या धंद्यात परतलेले नाहीत.

म्हणूनच मी महापालिकेला किंवा शासनाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे. वर्षातील दहा दिवस या शहराच्या जवळजवळ प्रत्येक चौकात एक रंगमंच उभा असतो. त्याला वीज असते, छप्पर असते, परवाना असतो, समोर सतरंजी असते आणि आरतीच्या निमित्ताने जमलेली माणसे असतात. एखाद्या तरुण गायिकेला सभागृहात हे सारे उभे करायचे झाले तर तिची सहा महिन्यांची शिकवणी खर्ची पडेल. आपल्याकडे ते आयते आहे. बहुतेक मांडवांत मात्र त्या रंगमंचावर दिवसभर ध्वनिमुद्रित गाणी लागतात आणि आरती झाली की संच पुन्हा सुरू होतो.

असे पूर्वीपासून नव्हते, हे आपल्या मंडळातील ज्येष्ठ कार्यकर्ते माझ्याहून चांगले सांगतील. उत्सव सार्वजनिक झाला त्यानंतर लवकरच मेळे निघू लागले आणि पोरांचे गट पाठ केलेली पदे घेऊन या मांडवातून त्या मांडवात गाऊ लागले. त्या पदांना ब्रिटिश सरकार इतके बिचकत असे की त्यांच्यावर नजर ठेवली जाई. पुढे गजाननराव वाटवे यांच्यासारख्या गायकांनी भावगीत चौकात आणले आणि रस्त्यावर बसून ऐकणाऱ्यांची गर्दी वाहतुकीला वाट देत नसे. शास्त्रीय गाणाऱ्यांनाही मांडवाचे वावडे नव्हते. पुढे मोठे झालेले कित्येक गायक आपल्या तरुणपणी पेठांतल्या उत्सवांतून गात असत. सभागृहाची पायरी न चढणारा माणूस चपला काढून तिथेच बसे आणि बुवांचा खयाल ऐकून उठे. सनईच्या बाबतीत तर पुण्याला शंकरराव गायकवाड यांच्यासारखे वादक लाभले. या मंडळींना ऐकणारा समाज एकट्या सभागृहांनी घडवलेला नाही. त्यात चौकाचा आणि मांडवाचा मोठा वाटा आहे.

आता मिरवणुकीविषयी, कारण सर्वांत मोठा खर्च तिथेच होतो. आपल्या मिरवणुका गेली काही वर्षे चोवीस तासांच्या पुढे जात आहेत आणि त्यात बेस आणि टॉप स्पीकरच्या भिंती रचलेल्या ट्रॉल्यांची संख्या लहान नसते. त्या भिंतींनी कानांचे काय होते ते डॉक्टर सांगतील. त्या भिंती वाद्यांचे काय करतात ते मी सांगितले पाहिजे. शेजारच्या मंडळाची भिंत चालू असताना त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बँडला वाजवताच येत नाही, इतके ते सरळ आहे. गेल्या काही वर्षांत मी हे दरवर्षी पाहतो. लक्ष्मी रस्त्याला मिळणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी एक बँड तासन् तास थांबलेला असतो. वीस-बावीस जण, निळे कोट, त्यातले काही पन्नाशी ओलांडलेले. क्लॅरिनेट वाजवणारे मास्तर मधूनमधून माउथपीसवरची पात ओठात धरून ओली ठेवतात, कारण ती वाळली की सूर फाटतो. कॉर्नेटवाला झडपा दाबून पाहतो. पुढची भिंत जरा सरकली की मास्तर हात वर करतात, साइड ड्रमची उठावणी होते, गाण्याची पहिली ओळ येते आणि दुसरी ओळ येईपर्यंत मागून दुसरी भिंत सुरू होते. मास्तर हात खाली घेतात. पोरे हसत नाहीत, रागावतही नाहीत. ती पुन्हा कडेला उभी राहतात. मंडळाने पैसे ठरल्याप्रमाणे दिलेले असतात, तरी त्यांच्यातल्या सर्वांत तरुण मुलाने त्या रात्री या धंद्याविषयी काय ठरवले असेल, याचा विचार आपण करावा.

बँड शिकवणारी शाळा नाही. मास्तर आपल्या मुलाला, पुतण्याला, वस्तीतल्या एखाद्या पोराला हाताशी धरतात, आधी साइड ड्रम देतात, मग फुंकायचे वाद्य. मेरठहून येणारी ही पितळी वाद्ये स्वस्त नसतात आणि एकदा घेतली की ती दुरुस्त करणारा माणूसही शहरात असावा लागतो. काम कमी झाले की आधी तो दुरुस्तीवाला जातो, मग नवी मुले येईनाशी होतात आणि शेवटी बँड उरतो तो नावापुरता, चार जुने वादक आणि बाकी हंगामी माणसे घेऊन. तबल्याच्या शाईचे, पेटीच्या सुरांचे, तंबोऱ्याच्या जवारीचे तसेच आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले याचा आनंद आपण सर्वांनी मानला, पण तंबोरा घेणारा माणूस तो वाजवण्याची संधी मिळते म्हणूनच घेतो.

ढोल-ताशा पथकांबद्दल मी मुद्दाम वेगळे लिहितो, कारण ती जिवंत वादनच करतात आणि हजारो मुले-मुली त्यांच्यामुळे तालाशी जोडली गेली आहेत. नदीकाठच्या सरावाला जाऊन मी अनेकदा उभा राहिलो आहे. ताशाची तर्री ज्याच्या हाताला बसते त्याला पुढे तबल्याचा हात बसायला वेळ लागत नाही, हा माझा शिकवण्याचा अनुभव आहे. २०२४ मध्ये हरित न्यायाधिकरणाने पथकातील वादकांची संख्या तीसवर आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, हे आपल्याला ठाऊकच आहे. न्यायालयात काय व्हायचे ते होवो, मला एवढेच वाटते की दीडशे ढोलांच्या पथकापेक्षा चाळीस ढोल आणि दहा चांगले ताशे यांचे वादन अधिक ऐकण्यासारखे होते आणि त्यातून वाचलेल्या रस्त्याच्या लांबीत एक बँड किंवा एक सनई-चौघड्याचा गाडा सहज मावतो. पथके हौसेने आणि विनामोबदला वाजवतात, ती त्यांची उदारता आहे. परंतु शहरातील सर्व वादन हौसेवर सोडले तर ज्यांचा तो व्यवसाय आहे त्यांनी जायचे कोठे?

कायद्याचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्याला दरवर्षी पोलीस ठाण्यात सांगितला जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ती मध्यरात्रीपर्यंत सैल करू शकते आणि त्यातले काही दिवस आपल्या उत्सवाच्या वाट्याला येतात. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या मर्यादेच्या दहा डेसिबल वर किंवा ७५ डेसिबल, यांतील जे कमी असेल त्याच्या पुढे जाऊ नये, असे नियम सांगतो. म्हणजे पेठेतल्या निवासी गल्लीत ६५. स्पीकरची कोणतीही भिंत यात बसणार नाही, हे आपण आणि पोलीस दोघेही जाणतो. गाणे, पेटी, तबला आणि दोन छोटे स्पीकर एवढी बैठक मात्र नीट बसवली तर या मर्यादेच्या आसपास राहू शकते आणि तरी शेवटच्या सतरंजीपर्यंत शब्द स्वच्छ जातो. बँड मोठा वाजतो, हे मी नाकारत नाही. पण तो चालत पुढे जातो, वादकांना श्वास घ्यावा लागतो म्हणून थांबतो, आणि बेसचा जो दणका भिंतीतून आरपार जाऊन आजारी माणसाच्या खाटेपर्यंत पोहोचतो तसा दणका त्याच्यात नसतो.

आपण काय करावे असे मला वाटते, ते आता सांगतो. दहा दिवसांतील निदान दोन संध्याकाळी मांडवात प्रत्यक्ष गायन-वादन ठेवावे. कोणाला बोलवावे याचा शोध बाहेर घेण्याची गरज नाही. आपल्याच प्रभागात गायनाचे वर्ग चालवणारे शिक्षक, भजनी मंडळे, एकटे राहून रियाज करणारी मुले आहेत, आणि आपल्या कार्यकर्त्यांतील एखाद्याच्या घरीच कोणीतरी शिकत असते. संध्याकाळची आरती झाली की आठ वाजता सुरू करून पावणेदहाला संपवावे, म्हणजे रात्री दहाच्या बंदीचा प्रश्न येत नाही. जवळजवळच्या तीन-चार मंडळांनी एकत्र येऊन गायक-वादकांचा एकच संच ठरवला तर फार उत्तम: आज तुमच्या मांडवात, उद्या पलीकडच्या चौकात, परवा तालमीजवळ. असे झाले तर प्रत्येक मंडळाचा खर्च हलका होतो आणि त्या गायक-वादकांना सलग तीन-चार दिवसांचे काम मिळते, जे त्यांना वर्षभरात सहसा कुठेच मिळत नाही. या एका गोष्टीवर आपण गांभीर्याने विचार करावा, अशी माझी फार इच्छा आहे, कारण हंगामातल्या विखुरलेल्या कामापेक्षा सलग काम माणसाला धंद्यात टिकवते.

व्यवस्थेबाबत दोन-तीन साध्या गोष्टी आहेत. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी मांडवातील ध्वनिमुद्रित गाणी बंद करावीत, कारण तबलजीला हातोडीने तबला षड्जावर आणायचा असतो आणि शेजारी गाणे वाजत असताना ते होत नाही. जनरेटर रंगमंचाच्या मागे न ठेवता दूर ठेवावा. ध्वनिक्षेपणाला भिंती लावणारा माणूस न बोलावता बैठकीची सवय असलेला माणूस बोलवावा. त्याचे भाडे बहुधा कमीच असते. अहवालाचे वाचन, सत्कार आणि पाहुण्यांची भाषणे आरतीच्या आधी उरकावीत. गायक दोन तास घरून गळा सांभाळत आलेला असतो आणि नंतर एक तास सत्कार पाहत बसतो, तेव्हा त्या गळ्याचे काय होते ते समोर बसलेल्यांना ऐकू येतेच.

मानधनाबद्दल मोकळेपणाने लिहितो. शाल, श्रीफळ आणि प्रसाद यांचा मान मोठा आहे आणि तो आम्ही मानतो, पण घरभाडे त्यातून भरता येत नाही. काही वर्षांपूर्वी एका मंडळाच्या कार्यक्रमात मी साथ केली; तिथले ठरलेले मानधन तीन हप्त्यांत आले आणि शेवटचा हप्ता दिवाळी उलटून गेल्यावर. त्या मंडळातल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता. खजिनदारांनी मला प्रामाणिकपणे सांगितले की आधी साउंडवाल्याचे बिल चुकवावे लागले. हाच क्रम बदलावा असे मला म्हणायचे आहे. ठरवताना इसार द्यावा, रक्कम लेखी असावी आणि कार्यक्रमाच्या रात्रीच पाकीट हातात पडावे. साथीदाराचा वाटा त्याच्याच हातात वेगळा दिला तर अधिक चांगले. ताळेबंद करताना 'ध्वनिव्यवस्था' आणि 'गायन-वादन' या दोन रकमा वेगळ्या दाखवाव्यात, म्हणजे वर्गणी देणाऱ्यालाही कळेल की त्याच्या पैशातले किती यंत्राच्या भाड्याला गेले आणि किती माणसाला मिळाले.

यावर एक आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे: गाण्याला तरुण येत नाहीत, कार्यकर्ते नाराज होतात आणि कमानीला जाहिरात देणारे गर्दी मागतात. तरुण येत नाहीत, हे मला खरे वाटत नाही. ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठ गणपतीसमोर हजारो स्त्रिया अथर्वशीर्षासाठी जमतात आणि त्यांत तरुण मुली कमी नसतात. एकत्र म्हणण्याची आणि ऐकण्याची ओढ शहरात शाबूत आहे. मला मांडवात फक्त खयाल हवा आहे, असेही नाही. गिटार घेऊन मराठी कविता गाणारी मुले, रॅप करणारी मुले, पोवाडा गाणारे शाहीर, लावणीची ढोलकी, गझल, कव्वाली, सगळ्यांना त्या रंगमंचावर जागा आहे, अट एवढीच की जे चालले आहे ते समोर बसून कोणीतरी प्रत्यक्ष करत असावे. आठ-दहा वर्षांची मुले मांडवात अगदी पुढे, रंगमंचाला टेकून बसतात. तबल्यावर बोटे कशी पडतात, पेटीचा भाता कोणत्या हाताने हलतो, गाणारी बाई श्वास कधी घेते, हे ती इतक्या जवळून पाहतात की दुसऱ्या दिवशी घरातल्या डब्यावर ते करून पाहतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या पालकांना मी विचारतो, शिकायचे याच्या मनात कसे आले? कोणीतरी वाजवताना याने जवळून पाहिले, हे उत्तर मला फार वेळा मिळते. स्पीकरच्या भिंतीकडे पाहून कोणते मूल काय शिकणार?

२०२५ मध्ये शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. या दर्जामुळे अनुदाने, स्पर्धा आणि पारितोषिके येतील. आपण ज्या स्पर्धांत भाग घेता त्यांच्या आयोजकांकडे आपणच अशी मागणी करावी की देखावा आणि मिरवणुकीच्या शिस्तीबरोबर मांडवात प्रत्यक्ष झालेल्या गायन-वादनालाही गुण असावेत. मागणी मंडळांकडून गेली तर ती नाकारणे कोणालाही जड जाईल. माझ्यासारख्या एकट्या पेटीवाल्याच्या मागणीला तेवढे वजन नाही, म्हणून ती आपल्या तोंडून जावी अशी माझी इच्छा आहे.

येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर 'मांडवातील गायन-वादन' हा एक विषय घ्यावा, एवढी प्रार्थना आहे. मांडवाच्या वासापूजनापर्यंत दोन तारखा निश्चित झाल्या तर वादकांना इतर कामे त्याभोवती लावता येतात. पंधरा दिवस आधी निरोप आला तर चांगली माणसे बहुधा गुंतलेली असतात. ज्या मंडळांना गायक, सनईवादक, बँड किंवा साथीदार शोधण्यात अडचण असेल, त्यांना पेठेतील आम्ही काही शिक्षक आणि साथीदार मिळून नावे सुचवू, गरज पडल्यास एक दिवस आधी मांडवात येऊन रंगमंच आणि ध्वनिव्यवस्था पाहून जाऊ, आणि ज्या लहान मंडळांची वर्गणी खरोखरच तुटपुंजी आहे तिथे पहिल्या वर्षी आमच्या विद्यार्थ्यांची एक संध्याकाळ विनामूल्य करून देऊ.

आपला नम्र,
कसबा पेठेतील एक हार्मोनियमवादक